मी सरळच मारतो

दचकू नका, मी रिकामा आहे. मॅगझिन बाहेर काढून ठेवलंय आणि नळीत नारिंगी दोरी घातली आहे, म्हणजे लांबूनही कळावं की आत गोळी नाही. मी एक पिस्तूल आहे आणि सध्या रेंजच्या टेबलावर पडून तुमच्याशी बोलतोय, कारण दुसरं काही करता येत नाहीये. निवड चाचणीची पहिली फेरी संपली. दुसरी सुरू व्हायला वेळ आहे. पंच आपापसांत कुजबुजताहेत, माझी मालकीण डोळे मिटून खुर्चीत बसली आहे आणि माझा जीव नुसता खालीवर होतोय.

थांबणं मला जमत नाही. माणसं म्हणतात, पिस्तूल म्हणजे थंड डोक्याची वस्तू. पिस्तुलाला कधी कोणी विचारलंय का? माझ्या पोटात एक स्प्रिंग सदा ताणलेली असते. तुमच्या पोटात तशी एक बसवली तर तुम्हीही दोन मिनिटं एका जागी टिकणार नाही.

आधीच सांगून ठेवतो, मी खेळाचा. कागदाच्या टार्गेटाखेरीज माझं तोंड आजवर कशाकडे वळलेलं नाही, आणि वळू नये हीच इच्छा.

माझा जन्म कारखान्यातला. एका जाड सळईला आरपार भोक पाडलं, आतून पिळाच्या रेषा कोरल्या आणि झाली माझी नळी. मग चाप आला, स्प्रिंग आली, अक्रोडाच्या लाकडाची मूठ आली. शेवटी एका बाईने मला लोखंडी शिकंज्यात आवळून गोळ्या मारून बघितल्या. बाईला सडकून सर्दी झाली होती. दर गोळीनंतर ती नाक पुसायची, पण शिकंज्याला सर्दी नव्हती. सगळ्या गोळ्या एका नखाएवढ्या जागेत गेल्या. तो कागद तिने माझ्याच पेटीत ठेवला. त्या कागदावर मी छाती फुगवून झोपलो होतो.

पुढे परवान्याच्या सह्या-शिक्क्यांत मी इतका काळ पडून राहिलो की माझ्यावरचं तेलही कंटाळून सुकलं असेल.

पेटी उघडली तेव्हा वर दोन चेहरे दिसले, एक बापाचा आणि एक लेकीचा. बाप निवृत्त. त्यांचा जन्म नकाशे काढण्यात गेला. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे अशी त्यांची ख्याती होती, आणि ती लोकांपर्यंत पोचवायचं कामही ते स्वतःच करायचे. तरुणपणी नेमबाजीतही त्यांचं नाव होतं. लेक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. पस्तिशीला आलेली, बोलायला अगदी कमी. पिस्तूल धरायला तिला बापानेच शिकवलं.

त्या घरात एक नियम होता. नेम लेकीने धरायचा, स्क्रू बापाने फिरवायचे.

हे जरा समजावून सांगायला हवं. माझ्या पाठीवर मागे एक खाच आहे आणि पुढे टोकाला एक छोटा उंचवटा, त्याला माशी म्हणतात. खाचेतून माशी दिसली पाहिजे आणि माशीच्या पलीकडे टार्गेट. गोळ्या एका बाजूला पडायला लागल्या तर दोन छोट्या स्क्रूंनी खाच सरकवायची. बाप आधी स्वतः मारून बघणार, गोळ्या मधोमध पडेपर्यंत स्क्रू फिरवणार आणि मग पिस्तूल लेकीच्या हातात देणार. ती शाळेत होती तेव्हापासून हेच. काही घरांत गॅसचा सिलिंडर एकच माणूस बदलतो ना, तसं. तिने स्क्रूला कधी बोटही लावलं नव्हतं.

कारखान्याचा कागद त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि बाजूला सारला. "यांचे कागद चांगलेच असायचे. परीक्षा आपण घेऊ."

मला घरी आणण्याला एक कारण होतं. मागच्या वर्षीच्या निवड चाचणीत लेक पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीत पार कोसळली. बापाने जो भेटेल त्याला सांगितलं, पोरीचा हात चांगला आहे पण मन कच्चं आहे, ऐन वेळी घाबरते. शेजाऱ्यांना सांगितलं, आपल्या बहिणीला सांगितलं, रेंजवरच्या मिस्त्रींना तर दोनदा सांगितलं. काही महिन्यांनी मनाची जागा जुन्या पिस्तुलाने घेतली. ते थकलंय, म्हणाले. त्याला पोलिसांत जमा करून टाकलं आणि मी आलो.

लेक त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मला पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "बाबा, यंदा नाही झालं तर मी सोडणार. दुकानात दर शनिवारी सुट्टी मागायची आता लाज वाटते."

"यंदा होणार," बाप म्हणाले. "नवं पिस्तूल आहे. मी लावून देतो की."

दुसऱ्याच दिवशी माझी परीक्षा. रेंज म्हणजे एक लांबोडकी शेड. एका अंगाला खिडक्या, दुसऱ्या अंगाला मिस्त्रींची कामाची बाकं, समोर टार्गेटांची रांग आणि हवेत बंदुकीच्या जळक्या दारूचा वास. तो वास नाकात गेला आणि मला राहवेना. इतके महिने पेटीत काढले होते. कधी एकदा चाप ओढतात असं झालं.

बापाने मूठ आवळली आणि मी चरकलो.

त्या हातात एक बारीक थरथर होती. बाहेरून बघणाऱ्याला दिसली नसती. जुना फ्रिज रात्रंदिवस घरघरतो आणि घरातल्यांना ऐकू येईनासा होतो, तशी ती थरथर होती. त्यांना स्वतःलाही ती जाणवत नसावी. चाप ओढायच्या क्षणी मात्र ती एकदम वाढायची आणि माझं नाक खाली, डावीकडे जायचं. गोळी सुटायची ती तिकडेच.

एक गेली खाली. दुसरी आणखी डावीकडे. तिसरी भलतीकडेच. बापांनी दुर्बिणीतून टार्गेट बघितलं आणि मान हलवली.

"नळीत दोष आहे," ते म्हणाले. "मारतंय वाकडं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणजे मला जिथे तळपाय आणि मस्तक असायला हवं होतं तिथे. मी वाकडं मारतो? मी जिकडे तोंड असेल तिकडे मारतो. तोंड कुठे वळवायचं ते ज्याच्या हातात आहे त्याला विचारा. पण माझं ऐकणार कोण? त्यांनी खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, खाच उजवीकडे सरकवली, वर सरकवली, पुन्हा गोळ्या मारल्या, पुन्हा सरकवली. शेवटी मधल्या काळ्या वर्तुळाच्या आसपास चार भोकं पडली तेव्हा त्यांचं समाधान झालं.

"घे," त्यांनी मला लेकीच्या हातात दिलं. "दोष आहे, पण लावून दिलंय मी."

तिचा हात म्हणजे भिंत. मला वाटलं, चला, आता हिलाच कळेल. पहिली गोळी तिने नीट मध्यावर नेम धरून मारली आणि ती अर्थातच वर उजवीकडे गेली, कारण खाच बापाच्या हातासाठी लावलेली होती. तिने दुर्बिणीतून बघितलं. मग तिने मला उचललं आणि टार्गेटच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे रोखलं, जिथे नुसता पांढरा कागद होता. शुद्धीवर असलेला कोणी नेमबाज तिथे नेम धरणार नाही. तिने चाप ओढला आणि गोळी बरोबर मधोमध बसली.

त्यानंतरच्या सगळ्या गोळ्या तिने तशाच मारल्या.

"बघ," बाप खूश होऊन म्हणाले. "मी लावून दिलं की कसं बसतं."

"हो बाबा."

मी चक्रावून गेलो. हे काय चाललंय? रोज तेच व्हायला लागलं. रोज बाप मारून बघायचे, रोज खाच नव्या ठिकाणी जायची, कारण थरथर काही एका मापाची नसते. रोज लेक पहिल्या एकदोन गोळ्या घालवून आज नेम कुठे धरायचा ते शोधून काढायची. मी सरळ, ती सरळ, आणि आम्ही दोघं मिळून वाकडं मारत होतो. रात्री पेटीत मला चैन पडायची नाही.

शेवटी एकदा बाप हात धुवायला गेलेले असताना मिस्त्री तिच्याजवळ आले. रेंजवरची सगळी शस्त्रं तेच दुरुस्त करतात. त्यांचा चष्मा कायम कपाळावर असतो आणि ते तो दिवसभर शोधत असतात.

"ताई, एक विचारू? तुम्ही नेम टार्गेटच्या बाहेर धरता."

"हळू बोला."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. जुन्या पिस्तुलावर थोडंच सरकलेलं असायचं, सांभाळून घ्यायचे. आता रोज वेगळं असतं."

"पहिल्या फेरीत चालून जाईल एक वेळ. तिथे निवांत नेम धरता येतो. दुसरीत काय करणार?"

दुसऱ्या फेरीत हात खाली धरून उभं राहायचं असतं. समोर तांबडा दिवा. हिरवा लागला की हात उचलायचा, नेम धरायचा, गोळी मारायची आणि लगेच हात खाली. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळं आटपतं. तिथे कोरा कागद शोधत बसायला कोणाला सवड?

"मागच्या वर्षी काय झालं ते तुम्ही बघितलंत की," ती म्हणाली.

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. "आणि ते सगळ्यांना सांगतात की पोरगी घाबरली."

"सांगू देत."

"तुम्हीच का सांगत नाही त्यांना?"

"काय सांगू? तुमचा हात हलतो म्हणून? त्यांच्या ग्लासात मी पाणी अर्धंच भरते, मिस्त्री, सांडायला नको म्हणून. त्यांना वाटतं मी चिकट आहे."

तोवर माझ्या मनात त्या म्हाताऱ्याबद्दल नुसता संताप होता. तो तिथल्या तिथे विरघळला. पण खरं सांगतो, त्याच्या जागी जे आलं ते जास्त अवघड होतं. रागात निदान कोणाला तरी दोष देता येतो.

चाचणी आठवड्यावर आली आणि बापांनी जाहीर केलं की हे पिस्तूल परत पाठवायचं. त्या दिवशी त्यांच्या गोळ्या टार्गेटभर विखुरल्या होत्या. कितीही स्क्रू फिरवले तरी त्या एका ठिकाणी येईनात.

"परत पाठवलं तर चाचणीला काय नेऊ?" लेकीने विचारलं. "जुनंही जमा केलंत."

"असल्या पिस्तुलाने खेळण्यापेक्षा न खेळलेलं बरं."

तिचा चेहरा उतरला. ती वाद घालेल असं मला वाटलं होतं, पण ती मला पेटीत ठेवायला लागली. तेवढ्यात मिस्त्री बाकावरून म्हणाले, "परत पाठवायचंच आहे तर शिकंज्यात लावून बघू एकदा. कारखान्याला दाखवायला पुरावा हवा ना."

"लावा," बाप म्हणाले.

शिकंज्याचे थंड जबडे मुठीला लागले आणि मला त्या सर्दीवाल्या बाईची आठवण झाली. मिस्त्री गोळी भरायचे, चाप ओढायचे, परत भरायचे. टार्गेट आणून त्यांनी बाकावर ठेवलं. त्यावर एकच भोक होतं, जरासं मोठं आणि कडेने फाटलेलं. सगळ्या गोळ्या त्यातूनच गेल्या होत्या.

बापांनी त्या भोकावर करंगळी ठेवून बघितली.

"गोळ्या वेगळ्या होत्या का?"

"तुमच्याच डब्यातल्या."

बापांनी आपलं टार्गेट आणि शिकंज्याचं टार्गेट शेजारी शेजारी ठेवलं. मग मला शिकंज्यातून काढून लेकीकडे दिलं. "तू मार."

या वेळी ते दुर्बिणीकडे गेले नाहीत. तिच्या बाजूला, मागच्या रेषेपाशी उभे राहिले आणि वाकून आपला डोळा माझ्या पाठीच्या उंचीला आणला. ज्याने जन्मभर रेघा मारल्या त्याला कुठली रेघ कुठे जाते ते दिसतंच. लेकीला ते कळलं. तिचा हात पहिल्यांदाच अडखळला. पण दुसरी रीत तिच्यापाशी नव्हती. तिने मला कोऱ्या कागदाकडे रोखलं आणि गोळी मधोमध बसवली.

"कुठे नेम धरलास?"

"मधे."

"कुठे?"

"खाली, बाबा. डावीकडे."

"कधीपासून?"

तिने मला टेबलावर ठेवलं. मिस्त्री एका आधीच चकचकीत झालेल्या स्क्रूला तेल द्यायला लागले.

"म्हणजे मी स्क्रू फिरवायचे आणि तू मागून सारवासारव करायची," बाप म्हणाले. "मला खेळवत होतीस."

"बाबा, तसं नाही."

"मग कसं?" त्यांचा आवाज चढला, आणि लगेच बसला. ते तडक बाहेर गेले. खिडकीखाली एक बाकडं आहे, त्यावर जाऊन बसले. मला त्यांची पाठ दिसत होती.

लेकीने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. माझ्या स्क्रूशेजारी एक छोटा बाण कोरलेला आहे, उजवीकडचा. गोळी उजवीकडे जात होती, ती डावीकडे आणायची, म्हणून तिने साहजिकच बाणाच्या उलट फिरवला. मधोमध नेम धरून एक गोळी मारली. ती आणखी उजवीकडे गेली. तिने आणखी फिरवला. गोळी टार्गेटच्या कडेलाच पोचली. इतकी वर्षं खेळणारी बाई, आणि तिला आपल्या पिस्तुलाचा साधा स्क्रू फिरवता येत नव्हता. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

"मिस्त्री, कुठे फिरवू हो?"

"मला माहीत आहे," मिस्त्री म्हणाले, "पण मी नाही सांगणार. ज्यांना विचारायचं ते खिडकीखाली बसलेत."

तिने मला रिकामं केलं, नारिंगी दोरी घातली, टेबलावर ठेवलं आणि ती खिडकीशी गेली.

"बाबा."

पाठ हलली नाही.

"बाबा, गोळी उजवीकडे जातेय. मी बाणाच्या उलट फिरवलं तर आणखीनच उजवीकडे गेली."

मला वाटलं, संपलं. मग पाठीकडूनच आवाज आला. "किती गोळ्या मारून बघितल्यास?"

"एक."

"एका गोळीवर स्क्रू फिरवतात? हेच शिकवलं मी?"

"स्क्रूचं तुम्ही कधी शिकवलंच नाहीत."

ते वळले. "तो बाण म्हणजे गोळी कुठे न्यायची ते नव्हे. गोळी चुकून जिकडे जातेय त्या बाजूचा बाण बघायचा, आणि बाण दाखवतो तसंच फिरवायचं. कारखानेवाल्यांची रीतच तशी उफराटी. थांब, आलो."

ते आत आले आणि तिच्या मागे उभे राहिले. मला हात लावला नाही. "पाच गोळ्या मार. आता बघ, सगळ्या मिळून कुठे आहेत. फिरव. टिक वाजली? अजून एक. बस, अजून नको. मार आता." असं बराच वेळ चाललं. ती विचारत होती, ते सांगत होते, आणि माझी खाच हळूहळू आपल्या जागी येत होती. शेवटी तिने मधोमध नेम धरला आणि गोळी मधोमध गेली. एवढी साधी गोष्ट. आनंदाने माझी स्प्रिंग अन् स्प्रिंग झंकारली.

बाप मिस्त्रींना म्हणाले, "नळी सरळ आहे." माझी माफी त्यांनी एवढीच मागितली. मला पुरली.

ही अशी हकिकत. मघाच्या पहिल्या फेरीत आम्ही बरे होतो, फार पुढे नाही. आता पंच जागेवर गेलेत. लेकीने डोळे उघडले, दोरी काढली. तांबडा दिवा लागलाय आणि माझं नाक जमिनीकडे आहे. पुढचं नंतर सांगतो, आता बोलायला वेळ नाही.

झालं. हिरवा लागत गेला, हात उठत गेला आणि ती दर वेळी थेट मध्यावर जात गेली, कुठेही न रेंगाळता. दोन गोळ्या जरा घसरल्या, त्या तिच्या स्वतःच्या. बाकीच्या बसल्या. मागच्या वर्षी जिथे ती कोसळली होती तिथे ती कोसळली नाही. निवड झाली ती राखीव म्हणून. संघातली शेवटची जागा, कोणी आजारी पडलं तरच खेळायला मिळणार. पण संघातली.

लोक येऊन तिचं अभिनंदन करत होते. बाप सगळ्यांत शेवटी टेबलाशी आले. अभिनंदन वगैरे काही केलं नाही.

"म्हणजे मागच्या वर्षी तू घाबरली नव्हतीस," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"मी सगळ्यांना तेच सांगत फिरलो."

"हो."

आता मी मागच्या सीटवर, पेटीत आहे. लेक गाडी चालवतेय. मघाशी बापांनी फोन काढला आणि नंबर लावताना त्यांचं बोट दोनदा भलत्याच अंकावर पडलं. तिने गाडी कडेला घेतली, नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा निघाली. फोन त्यांच्या थोरल्या बहिणीला होता.

"अक्का, मागच्या वर्षी मी तुला म्हणालो होतो ना, पोरगी ऐन वेळी घाबरली म्हणून? ती घाबरली नव्हती. माझा हात हलतो. मीच पिस्तूल चुकीचं लावून देत होतो आणि ती बिचारी सांभाळून घेत होती." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, डॉक्टरला दाखवलं नाही अजून. दाखवीन. ते सोड, तू आधी हे नीट ऐक." आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

मग शेजाऱ्यांना फोन. मग जुन्या कचेरीतल्या मित्राला. दर वेळी लेक गाडी कडेला घेते, नंबर लावून देते, आणि दर वेळी निघायला तिला जरा जास्तच वेळ लागतो. मध्येच नाक ओढल्याचा आवाज येतो.

राखीव म्हणजे नुसती वाट बघणं, आणि वाट बघणं मला जमत नाही हे मी सांगितलंच आहे. उद्यापासून या पेटीत मी पुन्हा तळमळणार. पण आजच्यापुरती, ताई, तुला एवढीच विनंती: त्यांनी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांतले बरेच जण अजून राहिलेत. आज जरा लांबच्या रस्त्याने घरी ने.